कळ काढायची तालीम: एका पहिलटकरणीचं प्रकरण

तिसाव्या आठवड्याच्या तपासणीत तिने डॉक्टरांना विचारलं, "सीझरची तारीख आत्ताच घेऊन ठेवता येईल का?" वय २९, पुण्यात बँकेत नोकरी, पहिलंच बाळंतपण. रक्तदाब ११०/७०, हिमोग्लोबिन ११.२, बाळाचं डोकं खाली. सीझर करावं असं कारण कागदावर कुठेच नव्हतं.

ही कोणी एक बाई नाही. अशा भीतीने येणाऱ्या पहिलटकरणींमध्ये जे वारंवार दिसतं ते एकत्र करून, शिकवण्यासाठी हे प्रकरण बेतलं आहे. तिच्या तारखा आणि वेळा त्यातूनच आलेल्या आहेत. अभ्यासांचे म्हणून दिलेले आकडे मात्र प्रसिद्ध झालेले आहेत.

डॉक्टरांनी तारीख दिली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "सदतिसाव्या आठवड्यात पुन्हा बोलू. तोवर मानसशास्त्रज्ञांकडे संमोहनाच्या चार बैठका करा. तेव्हाही सीझरच हवं असेल तर करू," इतकंच ठरलं. पुढच्या सगळ्या कामाचा पाया या वाक्यात होता. सुटकेचं दार बंद आहे असं वाटलं की घाबरलेली बाई सगळं लक्ष त्या दाराकडेच लावून बसते. मग संमोहन कितीही चांगलं असो, डोक्यात शिरत नाही.

भीती नेमकी कशाची

"बाळंतपणाची भीती वाटते" या वाक्यावर काम करता येत नाही, ते आधी फोडावं लागतं. या भीतीचं मोजमाप करण्यासाठी स्वीडनमध्ये विज्मा दांपत्याने तयार केलेली ३३ प्रश्नांची प्रश्नावली संशोधनात वापरतात. गुण ० ते १६५, आणि ८५ च्या पुढे भीती तीव्र धरतात. रोजच्या कामात शून्य ते दहाची पट्टीही पुरते, फक्त ती प्रत्येक गोष्टीला वेगळी लावायची. हिच्या बाबतीत सुईला ९ गुण मिळाले, कारण रक्त देताना ती दोनदा चक्कर येऊन पडली होती. "मी ओरडेन आणि सगळे मला रागावतील" याला ८. वहिनीच्या वेळी लेबर रूमच्या बाहेर बाकावर बसून तिने पाच तास आतले आवाज ऐकले होते, त्यात एका सिस्टरचा चढलेला आवाजही होता. बाळाला काही होईल, याला ६. प्रत्यक्ष कळांच्या दुखण्याला ५!

म्हणजे दुखणं शेवटच्या क्रमांकावर. तिने फोनवर विकत घेतलेलं ध्वनिमुद्रण मात्र पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत दुखण्याबद्दलच बोलत होतं, आणि तेही "तुम्हाला काहीही दुखणार नाही" अशा हमीने. ते पहिल्याच बैठकीत पुसायला सांगितलं. एक तर "दुखणार नाही" ऐकताना मन "दुखणार" याच्याशीच थांबतं. दुसरं, पहिली खरी कळ आली की हमी खोटी ठरते आणि तिच्यासोबत सगळ्या सरावावरचा विश्वासही जातो.

बैठका सुरू करण्याआधी चाळणी लावली. फिट्स येतात का, भास किंवा भ्रम झाले आहेत का, पूर्वीचा अत्याचार किंवा अपघात डोळे मिटल्यावर अंगावर येतो का. यातलं काही असेल तर नेहमीच्या पद्धतीने संमोहन करत नाहीत, आधी मानसोपचारतज्ज्ञांचं मत घेतात. हिला तसं काही नव्हतं. सोबत आलेल्या सासूबाईंचा प्रश्न वेगळाच होता: "झोपेत काही कबूल करून घेतात का हो?" नाट्यगृहातले संमोहनाचे प्रयोग पाहिलेल्या पिढीला हा प्रश्न पडणारच. माणूस यात झोपत नाही, सगळं ऐकतो आणि नको ते नाकारतो. पुस्तकात बुडालेल्याला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही तशी ही एकाग्रता असते. सासूबाईंचं समाधान कुकरच्या उदाहरणाने झालं.

चार बैठका

बैठका ३२, ३४, ३५ आणि ३७ व्या आठवड्यात झाल्या, प्रत्येकी तासभर.

पहिल्या बैठकीत संमोहन नव्हतंच. भीतीने शरीरात काय होतं एवढंच होतं. ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड यांनी १९३० च्या दशकात भीती, ताण आणि दुखणं यांचं चक्र मांडलं होतं. घाबरल्यावर सुटणारं अ‍ॅड्रेनलिन कळांना चालना देणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कामात अडथळा आणतं, गर्भाशयाचा रक्तपुरवठा कमी करतं, आणि आवळलेले स्नायू जास्त दुखतात. सगळं दुखणं भीतीतून येतं असं त्यातून कोणी काढलं तर ते चूक आहे. पण भीतीमुळे जेवढं वाढतं तेवढं कमी करता येतं, आणि तालीम फक्त तेवढ्यासाठी आहे.

मग स्नायू सैल करण्याचा सराव. मूळ पद्धत अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांची: स्नायू आवळा, सोडा, दोन्हींतला फरक ओळखा. मूठ ५ ते ७ सेकंद आवळायची, २० सेकंद सोडायची. मग खांदे, कपाळ, जबडा, मांड्या. गरोदरपणात यात दोन बदल लागतात. पोट आवळायचं नाही. आणि पाय ताणताना बोटं पुढे करायची नाहीत, पाऊल आपल्याकडे ओढायचं. शेवटच्या महिन्यांत बोटं पुढे ताणली की पोटरीत गोळा येतो आणि बाई सराव सोडते. उताणं झोपायचं नाही, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून घेरी येऊ शकते. डाव्या कुशीवर, गुडघ्यांत उशी घेऊन, किंवा पाठीला लोड लावून अर्धवट बसून हे करायचं.

दुसऱ्या बैठकीत संमोहन आलं. भिंतीवरच्या एका ठिपक्यावर नजर, श्वास आत घेताना ४ अंक, सोडताना ६ ते ८. पापण्या जड झाल्यावर दहापासून एकपर्यंत उलटे आकडे, प्रत्येक आकड्याला एक पायरी खाली. पायऱ्या कुठल्या ते तिने निवडल्या: आजोळ वाईला, म्हणून कृष्णेचा घाट. ध्वनिमुद्रणातला परदेशी समुद्रकिनारा तिला कधी दिसलाच नव्हता. घाटाच्या दगडाचा तळव्याला लागणारा थंडपणा मात्र लगेच लागला. शेवटच्या पायरीवर उजवा हात पाण्यात घालायचा आणि तो बधिर होऊ द्यायचा. बधिर झालेला हात मग ओटीपोटावर आणि कमरेवर ठेवून तो बधिरपणा तिथे उतरवायचा. याला हातमोज्याची बधिरता म्हणतात. सगळ्यांना ती सारखी जमत नाही, हिला अर्धीमुर्धी जमली. बाहेर येताना एक ते पाच मोजायचं, डोळे उघडायचे, पलंगाच्या काठावर अर्धा मिनिट बसायचं आणि मगच उठायचं.

सूचनांची भाषा इथेच ठरली. इंग्रजी वर्गांतून कळेसाठी आलेलं "लाट" तिला पटेना. आपल्याकडे शब्द तयारच आहे. कळ येते, चढते, उतरते. "जरा कळ काढ" असं आपण रोज म्हणतो. त्यात दुखणं नाकारलेलं नाही, आणि ते सरणार आहे हेही सांगितलेलं आहे. तिची सूचना ठरली ती अशी: "कळ चढली की माझा श्वास लांबतो. कळ उतरली की माझे खांदे उतरतात. मधल्या वेळात मी विश्रांती घेते." तिन्ही वाक्यं वर्तमानकाळात, "नाही" हा शब्द न येता, आणि ज्यावर तिचा ताबा आहे अशाच गोष्टींबद्दल.

तिसरी बैठक सुईची होती, आणि इथे नेहमीची चूक टळली. सुईला घाबरणाऱ्याला सगळे "सैल सोडा" म्हणतात. पण सुई पाहून ज्याला चक्कर येते त्याचा रक्तदाब आणि नाडी आधी चढून मग एकदम पडतात. अशा वेळी सैल सोडणं म्हणजे पडायला मदत करणं. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांची पद्धत याच्या उलट आहे. मांड्या आणि सुई नसलेल्या हाताची मूठ १० ते १५ सेकंद, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत आवळायची, मग २० ते ३० सेकंद नेहमीच्या स्थितीला यायचं, असं पाच वेळा. श्वास रोखायचा नाही. सुई टोचायचा हात सैल. पुढच्या रक्ततपासणीला तिने हे केलं आणि खुर्चीतून स्वतः उठली.

चौथ्या बैठकीला नवरा होता. प्रत्येक श्वास सोडताना त्याचा हात तिच्या उजव्या खांद्यावर, शब्द एकच: "खाली." सरावासाठी बर्फ. बर्फाचा खडा मुठीत ६० सेकंद, आधी नुसताच आणि मग श्वासासह. कळही साधारण तेवढीच टिकते. पहिल्यांदा तिने ३५ व्या सेकंदाला खडा टाकला, श्वासासह पूर्ण मिनिट धरला. मधली विश्रांती चार मिनिटांची ठेवली होती. ही चार मिनिटं पुढे महागात पडली.

सदतिसाव्या आठवड्यात पट्टी पुन्हा लावली: सुई ४, ओरडणं ५, दुखणं ५. सीझरचा विषय तिने स्वतःच काढला नाही.

घरचा सराव

पहिले दहा दिवस वाया गेले. ती रात्री जेवून, दिवा मालवून, कानात इअरफोन घालून बैठकीतल्या सूचनांचं ध्वनिमुद्रण ऐकायची आणि पाचव्या मिनिटाला घोरायची. झोप चांगलीच, पण ती झोप होती, सराव नव्हता. वेळ बदलून संध्याकाळी साडेपाचला, बसून, २० मिनिटं केली. मग आणखी एक बदल: आठवड्यातून तीनदा मुद्दाम आवाजात. टीव्ही चालू, मिक्सर चालू, दार वाजतंय. शांत खोलीतच केलेला सराव त्या शांत खोलीला चिकटतो, आणि लेबर रूम शांत नसते. स्कूटर चालवताना हे ऐकायचं नाही हे वेगळं सांगावं लागलं, कारण ती ऑफिसला जाताना ऐकत होती.

गर्भसंस्काराच्या वर्गालाही ती जात होती. त्याला हरकत घ्यायचं कारण नाही, ओंकाराचा लांब उच्चार म्हणजे लांब उच्छ्वासच. पण बाळ हुशार व्हावं म्हणून ऐकलेलं आणि कळ चढताना जबडा सैल ठेवण्यासाठी घोटलेलं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याने दुसरं होत नाही.

त्या दिवशी

३९ आठवडे ४ दिवस. रात्री सव्वाअकराला पाणी गेलं, रंग स्वच्छ. बाराच्या सुमारास ती हॉस्पिटलात पोहोचली. कळा नाहीत, पिशवीचं तोंड १० पैकी १ सेंटिमीटर उघडलेलं. आणि पहिला धक्का दारातच: लेबर रूममध्ये दोन टेबलं, दुसऱ्यावर एक बाई, त्यामुळे नवऱ्याला आत परवानगी नाही. छत्तिसाव्या आठवड्यात रिसेप्शनवर विचारलं होतं, "हो, चालतं" असं उत्तरही मिळालं होतं. पण दोन बाळंतिणी एकाच वेळी असल्या तर काय, हे कोणी विचारलं नव्हतं आणि रात्रपाळीच्या सिस्टरना तर नाहीच नाही. सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण असावी असं केंद्राने २०१६ मध्ये सांगितलं, लेबर रूम सुधारण्यासाठीच्या २०१७ च्या 'लक्ष्य' या सरकारी कार्यक्रमातही ते आहे. खासगी ठिकाणी मात्र ज्याच्या त्याच्या जागेवर आणि रीतीवर सगळं असतं.

आत आई गेली. आईने एकही बैठक पाहिली नव्हती. नवऱ्याने बाकावर बसून औषधाच्या चिठ्ठीमागे पाच ओळी लिहून दिल्या: "उजव्या खांद्यावर हात. श्वास सोडताना 'खाली'. जबडा सैल. बशीतला चहा. 'झालं का?' विचारायचं नाही."

ती डाव्या कुशीवर पडून एका कानात इअरफोन लावून ऐकत राहिली, दोन तास झोपलीही. सकाळी साडेसहाला कळा आणायचं सलाईन सुरू झालं. सुई टोचताना मांड्या आवळल्या. नऊला ३ सेंटिमीटर, कळा दर चार मिनिटांनी. हा जवळपास तिच्या तालमीतलाच वेग होता आणि तीन तास सगळं बेतल्यासारखं चाललं. सिस्टर दर अर्ध्या तासाने "दहापैकी किती दुखतंय, ताई?" विचारत होत्या. आईने चिठ्ठी दाखवून विनंती केली, मग प्रश्न "श्वास जमतोय का?" असा झाला.

सव्वाबाराला ५ सेंटिमीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनाप्रमाणे खरी वेगवान अवस्था इथून धरतात. सलाईनचा वेग वाढलेला, कळा आता दोन-अडीच मिनिटांनी. एक उतरते न उतरते तोच दुसरी. घाटाच्या दहा पायऱ्या उतरायला तिला दीड मिनिट लागायचं आणि आता मध्ये तेवढा वेळच नव्हता. ती चौथ्या पायरीवर असताना पुढची कळ यायची. शेजारच्या टेबलावरची बाई ओरडली आणि हिचा श्वास सुटला. सिनेमात पाहिलेला तो भराभर "हा-हू". पाच मिनिटांत ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं वळली, अंगठा तळव्यात गेला. ती म्हणाली, "मला लकवा झाला."

लकवा नव्हता. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याने कॅल्शियमचं गणित बिघडतं आणि हात वळतात. जास्त वेळ चाललं तर बाळाकडे जाणारा पुरवठाही कमी होऊ शकतो. इलाज स्वस्त आहे: उच्छ्वास लांबवणं. सिस्टरनी समोर येऊन स्वतःच फुंकर घालून दाखवली, आणि आईला चिठ्ठीतली चौथी ओळ आत्ता कळली. "बशीत चहा आहे. गरम आहे. सांडू देऊ नकोस, नुसती फुंकर घाल." आई हे रोज करते, त्यामुळे तिला ते नवऱ्यापेक्षा चांगलं सांगता आलं. सात-आठ कळांनंतर बोटं सुटली. घाट सोडून दिला. फक्त फुंकर आणि खांद्यावरचा हात राहिला.

दोन वाजून दहा मिनिटांनी, ६ सेंटिमीटरवर, तिने स्वतः एपिड्यूरल, म्हणजे पाठीतून देतात ती कळांची भूल, मागितलं. पाठीतली सुई! नऊ गुणांची भीती होती ती हीच. भूलतज्ज्ञ येईपर्यंत तिने मांड्यांच्या पाच फेऱ्या केल्या. टोचण्याच्या वेळी आवळायचं नाही आणि हलायचंही नाही, म्हणून तिथे श्वासावर आली: पाठ मांजरासारखी गोल, हनुवटी छातीला, फुंकर. कळ येतेय असं सांगून एकदा थांबवलं, उतरल्यावर पुन्हा. आधी चाचणीचा छोटा डोस, मग पूर्ण, आणि सुरुवातीला दर पाच मिनिटांनी रक्तदाब. वीस मिनिटांत आराम पडला.

सहा वीसला तोंड पूर्ण उघडलं. एपिड्यूरलमुळे जोर द्यायची भावना नव्हती, बाळाचे ठोके चांगले होते, म्हणून सुमारे तासभर थांबले. आठ पंचवीसला बाळ झालं, २.९ किलो, चिमटा-व्हॅक्यूम न लागता. थोडे टाके.

मग संमोहन फसलं का

एपिड्यूरल घेतलं म्हणजे फसलं, असा हिशोब वर्गचालकही करतात आणि टीकाकारही. पुरावा पाहिला तर दोघांनीही जपून बोलावं. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात ९ चाचण्या आणि २,९५४ बायका होत्या. संमोहनाच्या गटात वेदनाशामक औषधं एकूण कमी लागली, पण एपिड्यूरलच्या वापरात स्पष्ट फरक दिसला नाही. इंग्लंडच्या वायव्य भागातली ६८० पहिलटकरणींची चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ३२ आणि ३५ व्या आठवड्यात दीड-दीड तासाचे दोन गटवर्ग आणि घरी ऐकायचं ध्वनिमुद्रण होतं. एपिड्यूरल घेणाऱ्या संमोहन गटात २७.९ टक्के, आणि संमोहनाशिवाय ३०.३ टक्के, म्हणजे फरक नाहीच. पण बाळंतपणानंतर दोन आठवड्यांनी संमोहन गटातल्या बायकांनी सांगितलेली भीती आणि चिंता आधीच्या अपेक्षेपेक्षा कमी निघाली. डेन्मार्कमधल्या १,२२२ पहिलटकरणींच्या २०१३ च्या चाचणीतही एपिड्यूरल कमी झालं नाही.

दुखणं बंद करायचं साधन म्हणून हे विकणं, ही सगळ्यात मोठी चूक. तशी विक्री जुनी आहे. १८४५ मध्ये हुगळीला स्कॉटिश डॉक्टर जेम्स एस्डेल मोहनिद्रेत मोठमोठ्या शस्त्रक्रिया करत होते, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ईथर-क्लोरोफॉर्म आल्यावर तो सगळा बोलबाला ओसरला. भूल देण्याच्या शर्यतीत संमोहन तेव्हाच हरलं आहे. या प्रकरणात त्याने दुसरं काम केलं: सीझर मागणारी बाई कळांना सामोरी गेली, सुईसमोर शुद्धीत बसली, आणि एपिड्यूरल घाबरून न मागता विचार करून मागितलं.

चुकलं ते तालमीत. विश्रांती चार मिनिटांची धरली. सलाईनने कळा आणल्या तर त्या दोन-अडीच मिनिटांनी येऊ शकतात, म्हणून बर्फाचा सराव शेवटच्या आठवड्यांत एक-दीड मिनिटाच्या विश्रांतीने व्हायला हवा होता, आणि दहा पायऱ्यांना तीन पायऱ्यांचा पर्याय. सोबत एकालाच शिकवलं. आईला दुसऱ्या बैठकीलाच बोलवायचं होतं, आणि लेबर रूमचा नियम चौतिसाव्या आठवड्यात लेबर रूमच्याच सिस्टरना विचारायचा होता. पाणी गेलं, रक्तस्राव झाला, बाळाची हालचाल मंदावली किंवा डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली तर ध्वनिमुद्रण बंद करून आधी हॉस्पिटल, हे मात्र पहिल्या बैठकीपासून घोटून घेतलं होतं. म्हणूनच ती पाणी गेल्यावर तासाच्या आत पोहोचली.

दोन आठवड्यांनी फोनवर तिने सांगितलं, "दुखलं. मी ओरडलेसुद्धा. कोणी रागावलं नाही." बाळंतपणानंतरच्या उदासीसाठीच्या एडिनबर्गच्या दहा प्रश्नांत काळजीचं काही निघालं नाही.

सहाव्या आठवड्याच्या लसींना बाळाला मांडीवर धरायचं काम नेहमी नवऱ्याकडे जाणार असं घरात गृहीत होतं. तिनेच धरलं, खुर्चीत बसून, मांड्या आवळून.